बरा झाला म्हणजे नेमके काय झाले?

वर्धा शहराला लागूनच पिपरी मेघे आहे. म्हणायला गाव, पण वस्ती आता शहराचीच. तिथल्या एक शिक्षिका आमच्या परिचयाच्या आहेत. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना कोरोना झाला. अकरा दिवस रुग्णालयात गेले, त्यातले चार दिवस प्राणवायू लावावा लागला, आणि मग त्या घरी परतल्या. बरोबर मिळालेल्या कागदावर शेवटची ओळ होती : 'प्रकृती सुधारल्याने घरी सोडले.' त्या दिवशीच्या सरकारी तक्त्यात 'बरे झालेले' या रकान्यातला आकडा एकाने वाढला.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर शाळा भरू लागली. बाईंचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. पहिल्या जिन्याच्या वळणावरच त्यांना थांबावे लागे. दोन तास सलग शिकवले की दुसरा दिवस अंथरुणात जाई. पाढे म्हणून दाखवताना मधलाच आकडा आठवेनासा होई. रक्ततपासणी, छातीचे चित्र, हृदयाचा आलेख, सगळे 'ठीक' आले. घरचे म्हणू लागले, मनावर घेऊ नकोस. बाईंनी आम्हाला विचारले, "तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी एवढे आकडे ठेवता. मग मला सांगा, माझा आजार संपला तो कोणत्या तारखेला?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधू लागलो की वैद्यकाच्या इतिहासातले बरेच जुने दप्तर उघडावे लागते. साथीत किती जणांना बाधा झाली आणि किती दगावले, हे मोजण्याची सवय माणसाला पूर्वीपासून आहे. जे वाचले त्यांचे पुढे काय झाले, हे मोजायला मात्र आपण फार उशिरा शिकलो. हा लेख त्या शिकण्याविषयी आहे. त्यातला एक महत्त्वाचा धडा वर्धा जिल्ह्यातच गिरवला गेला होता, म्हणून आपण पिपरी मेघेपासून फार लांब न जाताही हा इतिहास पाहू शकतो.

१९१८ : वाचलेल्यांची नोंद कोणी ठेवली?

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. भारतातल्या इन्फ्लुएंझाच्या साथीची ही सुरुवातीची नोंद मानली जाते. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरनंतर आलेली दुसरी लाट भयंकर ठरली. रेल्वेमार्गांनी ती मुंबईहून देशभर पसरली. मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड यांना तिचा फार मोठा तडाखा बसला. त्या वेळचा वर्धा जिल्हा या मध्यप्रांतातच होता, आणि मुंबई-नागपूर लोहमार्ग त्याच्या मधूनच जात होता. त्याच वर्षी पाऊस ओढ देऊन गेला, पिके बुडाली, धान्य महागले. अशक्त शरीरांना आजार झेपला नाही.

मृत्यू किती झाले? भारत सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये प्राथमिक अहवाल लिहिला. त्यात सुमारे ६० लाखांचा अंदाज होता. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा तो फारच कमी असल्याचे दिसले. आजचे अभ्यासक हा आकडा १.२ कोटी ते २ कोटी यांच्या दरम्यान धरतात. भारताच्या जनगणनेत ज्या एकाच दशकात लोकसंख्या घटलेली दिसते, ते १९११ ते १९२१ चे दशक होय.

असे का झाले? गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी कोतवालासारखा गावकामगार देत असे. तोच आजारी पडला की नोंद थांबे. शिवाय मृत्यूचे कारण म्हणून बहुतेकदा 'ताप' एवढेच लिहिले जाई. जिथे मेलेल्यांचीच मोजणी धड झाली नाही, तिथे वाचलेल्यांच्या तब्येतीची नोंद कोण ठेवणार? तरुण वयाची माणसे जास्त गेली, पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त दगावल्या आणि १९१९ मध्ये जन्म घटले, एवढे आपण आकड्यांतून वाचू शकतो. पण वाचलेला शेतकरी पुढच्या हंगामात नांगर धरू शकला का, हे सांगणारी एकही वही आपल्या हाती नाही.

'नंतर' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे

युरोपात त्याच सुमारास एक वेगळेच कोडे उभे राहिले होते. १९१७ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी एका नव्या मेंदूच्या आजाराचे वर्णन केले. रुग्ण दिवसच्या दिवस झोपेच्या गुंगीत राहात. कित्येक दगावले. वाचलेल्यांपैकी अनेकांना काही वर्षांनी कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. काही तर पुतळ्यासारखे निश्चल झाले. दहा वर्षांत हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. इन्फ्लुएंझाची साथ आणि हा निद्राज्वर साधारण एकाच काळात आल्यामुळे दुसरा पहिल्याचाच परिणाम, असे अनेकांनी गृहीत धरले.

पण काळ जुळतो म्हणून कारण जुळते असे नाही. निद्राज्वराचे काही रुग्ण इन्फ्लुएंझाची मोठी लाट येण्याआधीचे होते. पुढे अनेक दशकांनी, जतन करून ठेवलेल्या मेंदूच्या ऊतींमध्ये इन्फ्लुएंझा विषाणूचे अवशेष शोधले गेले. ते सापडले नाहीत. या आजाराचे कारण आजही निश्चित झालेले नाही.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ डग्लस आमंड यांनी २००६ मध्ये जनगणनेच्या आकड्यांचा एक सुंदर वापर केला. १९१८ च्या साथीच्या वेळी जे आईच्या पोटात होते, त्यांची आणि त्यांच्या आगेमागे जन्मलेल्यांची त्यांनी तुलना केली. साथीच्या वेळी गर्भात असलेले लोक मोठेपणी शिक्षणात आणि कमाईत मागे पडलेले दिसले. न पाहिलेल्या आजाराची सावली साठ वर्षांनंतरच्या आकड्यांत सापडली, असे सर्वांना वाटले. नंतर इतर संशोधकांनी आक्षेप घेतला : पहिल्या महायुद्धासाठी त्या वेळी बरेच तरुण सैन्यात गेले होते, त्यामुळे त्या वर्षी ज्यांना मुले झाली ती कुटुंबे इतर वर्षांच्या कुटुंबांपेक्षा वेगळी होती. मग मागे पडण्याचे कारण आजार की कुटुंबाची परिस्थिती? हा वाद अजून मिटलेला नाही.

दोन्ही उदाहरणांतून एकच शिकवण मिळते. आजारानंतरचे परिणाम अभ्यासायचे तर नुसते रुग्णाकडे पाहून भागत नाही. त्याच्या शेजारी, त्याच्याच वयाचा, त्याच्याच परिस्थितीतला, पण आजार न झालेला माणूसही उभा करावा लागतो. यालाच आपण तुलनागट म्हणतो.

दत्तपूर आणि सेवाग्रामचा धडा

आता वर्ध्याकडे वळू. १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी कुष्ठधाम सुरू केले. त्याच वर्षी गांधीजी शेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे त्याचेच नाव सेवाग्राम झाले. तिथे परचुरे शास्त्री या कुष्ठरोग झालेल्या संस्कृत पंडितांची शुश्रूषा गांधीजींनी स्वतःच्या हाताने केली, हे अनेक शिक्षकांना ठाऊक असेल. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि वर्धा हे तिचे केंद्र बनले. डॉ. र. वि. वार्डेकर यांनी तिथून एक पद्धत मांडली : रुग्णाने दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही. घरोघर जाऊन पाहणी करायची, लोकांना आजार समजावून सांगायचा आणि रुग्णाला त्याच्या घरीच ठेवून औषध द्यायचे. पाहणी, शिक्षण आणि उपचार या तीन पायांवर उभी असलेली ही पद्धत पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाचा आधार झाली.

त्या वेळी डॅप्सोन हे औषध नुकतेच हाती आले होते. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधे एकत्र देण्याची, म्हणजे बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारतात ज्या जिल्ह्यांत हा उपचार अगदी आरंभी सुरू झाला त्यांत वर्धा होता. परिणाम नाट्यमय होता. ठरावीक महिन्यांची औषधे पूर्ण झाली की रुग्णाचे नाव नोंदवहीतून कमी होई. २००५ च्या अखेरीस देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले.

परंतु नोंदवहीतून कमी झालेल्या माणसाचा हात कोठे सरळ झाला होता? कुष्ठरोगाचा जंतू चेतातंतूंच्या आवरणातील पेशींत राहतो. औषधाने जंतू मरतो, पण मेलेला चेतातंतू सहसा जिवंत होत नाही. मग तळपायाला वेदना कळत नाही, खडा रुतलेला समजत नाही, जखम चिघळते, बोटे झिजतात. बोटे रोगाने 'झडतात' ही समजूत चुकीची असून, वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या वारंवार इजांनी ती झिजतात, हे वेल्लोरचे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. आणखी एक गोष्ट लक्षात आली. काही रुग्णांना औषधे पूर्ण झाल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी, चेतातंतूंचा दाह होई. जंतू मेलेले असत, पण त्यांचे अवशेष शरीरात शिल्लक असत, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याशी झगडत राही.

म्हणजे एका माणसाच्या बाबतीत आजार संपण्याच्या तीन तारखा झाल्या. जंतू मेला ती पहिली, नोंदवहीतून नाव गेले ती दुसरी. आणि हाताला काम, घरात जागा, गावात मान परत मिळाला ती तिसरी. ही तिसरी तारीख अनेकांच्या आयुष्यात उगवलीच नाही. म्हणून कुष्ठरोगाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी 'बरे झाल्यानंतरची काळजी' हा स्वतंत्र विषय मानला. त्यात पायाची रोजची तपासणी, मऊ तळव्याच्या चपला, स्नायूंच्या शस्त्रक्रिया, रोजगार, हे सगळे आले.

चिकुनगुन्याने हाच धडा पुन्हा दिला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली होती. नंतर तीन दशकांहून अधिक काळ तो विसरला गेला आणि २००६ च्या सुमारास महाराष्ट्रभर परत आला. ताप चार-सहा दिवसांत उतरे, पण सांधे महिनोन्महिने धरलेले राहात. ज्या घरात हा ताप येऊन गेला, तिथे कोणालाही विचारा. सकाळी मुठी न वळणारे हात ते सांगतील.

रुग्णांनीच दिलेले नाव

कोरोनाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये पुण्यात सापडला. वर्धा जिल्ह्यात मे २०२० मध्ये पहिली नोंद झाली. जिल्ह्याचा मोठा भार सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांनी उचलला. पुढे २०२१ च्या आरंभी दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात आधी विदर्भात लागली.

सुरुवातीला जगभरची समजूत अशी होती की सौम्य आजार दोन आठवड्यांत आणि गंभीर आजार सहा आठवड्यांपर्यंत बरा होतो. ही समजूत पहिल्यांदा मोडली ती रुग्णांनी. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व-अभ्यासक महिलेने आपल्या न संपणाऱ्या आजाराला 'लाँग कोविड' म्हणजे दीर्घ कोविड म्हटले, आणि जगभरच्या हजारो लोकांनी तो शब्द उचलला. त्याच महिन्यात लिव्हरपूलचे संसर्गरोगतज्ज्ञ पॉल गार्नर यांनी स्वतःच्याच आजाराचे सात आठवड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णांनी एकत्र येऊन स्वतःच प्रश्नावल्या तयार केल्या, उत्तरे गोळा केली आणि शोधनिबंध लिहिले. एखाद्या आजाराचे नाव डॉक्टरांच्या आधी रुग्णांनी ठेवावे, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच झाले आहे.

जुलै २०२० मध्ये रोममधील डॉक्टरांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या १४३ जणांची माहिती प्रसिद्ध केली. आजार सुरू होऊन सरासरी दोन महिने झाले होते. पूर्णपणे लक्षणमुक्त होते फक्त १२.६ टक्के. निम्म्याहून अधिक लोकांना थकवा होता, ४३ टक्क्यांना धाप लागत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या ठरवली : आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी जाणवणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे. त्याच वर्षी भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही कोविडोत्तर विकारांच्या उपचारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

मोजायचे कसे?

रोमचा अभ्यास महत्त्वाचा होता, पण त्याला तुलनागट नव्हता. थकवा, डोकेदुखी, झोपमोड या तक्रारी साथ नसतानाही लोकांना असतात. टाळेबंदीच्या काळात तर अधिकच. मग त्यातला कोरोनाचा वाटा किती?

याचे सुरेख उत्तर नेदरलँड्समधून आले. तिथे उत्तरेकडील प्रांतांत लाखाहून अधिक लोकांच्या प्रकृतीची नोंद अनेक वर्षे ठेवण्याचा प्रकल्प साथीच्या आधीपासूनच चालू होता. साथ आली तेव्हा त्याच लोकांना वारंवार प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या. ७६ हजारांवर लोकांनी भाग घेतला; त्यांपैकी ४,२३१ जणांना कोरोना झाला. प्रत्येकासमोर त्याच वयाचे, त्याच लिंगाचे, कोरोना न झालेले दोघे ठेवले गेले. तीन ते पाच महिन्यांनंतर कोरोना झालेल्यांपैकी २१.४ टक्के लोकांत ठरावीक लक्षणे वाढलेली दिसली. पण कोरोना न झालेल्यांतही ती ८.७ टक्के लोकांत दिसली! वजाबाकी केली की उरतात १२.७ टक्के, म्हणजे साधारण आठांत एक. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास बहुतांशी लसीकरणापूर्वीच्या काळातला आहे. आज जागतिक आरोग्य संघटना दर शंभर बाधितांमागे सुमारे सहा असा अंदाज देते.

या वजाबाकीचे दोन अर्थ आहेत आणि ते दोन्ही शिकवण्याजोगे आहेत. थकणाऱ्या प्रत्येकाचा थकवा कोरोनामुळे नाही, हा पहिला. आणि वजाबाकी करूनही शून्य उरत नाही, हा दुसरा. 'सगळे मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

इंग्लंडमध्ये एका अशाच जुन्या प्रकल्पात ७८५ लोकांच्या मेंदूची चित्रे साथीपूर्वी काढलेली होती. पुढे त्यांपैकी ४०१ जणांना कोरोना झाला. सर्वांची चित्रे पुन्हा काढल्यावर बाधितांच्या मेंदूतील काही भागांत, विशेषतः वासाशी संबंधित भागांत, ०.२ ते २ टक्के जास्त घट आढळली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या १,५३,७६० नोंदी तपासल्या, तेव्हा बाधितांमध्ये वर्षभरात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार दर हजारी सुमारे ४५ ने अधिक दिसले. मात्र हे बहुतेक वयस्क पुरुष होते, हे विसरून चालणार नाही.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ रुग्णांचा वर्षभर दूरध्वनीवरून पाठपुरावा केला. चार ते आठ आठवड्यांनी १७.१ टक्के लोकांनी कोविडोत्तर त्रास सांगितला. वर्षभरात ९४२ जण, म्हणजे ६.५ टक्के दगावले. त्यांत वयस्क, इतर आजार असलेले आणि मूळ आजार मध्यम वा गंभीर झालेले लोक जास्त होते. बाधा होण्यापूर्वी लस घेतलेल्यांना या मृत्यूंपासून सुमारे ६० टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल गावोगाव जी कुजबुज चालते, तिचाही परिषदेने स्वतंत्र अभ्यास केला. ४७ रुग्णालयांतील १८ ते ४५ वयाच्या ७२९ मृत्यूंची २,९१६ जिवंत व्यक्तींशी तुलना केली. लसीने धोका वाढल्याचे आढळले नाही. पूर्वी कोरोनामुळे रुग्णालयात दाखल होणे, कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अति मद्यपान किंवा अतिश्रम यांचा मात्र संबंध दिसला. वर्गात विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. म्हणून आकडे मुद्दाम दिले.

शरीरात काय घडत असावे?

कारणांविषयी अजून एकमत नाही. एक गृहीतक असे की विषाणूचे अवशेष आतड्यासारख्या जागी दीर्घकाळ राहतात आणि प्रतिकारयंत्रणेला स्वस्थ बसू देत नाहीत. दुसरे असे की प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते. तिसरे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला झालेल्या इजेकडे आणि बारीक गुठळ्यांकडे बोट दाखवते. चौथे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या चेतासंस्थेच्या बिघाडाकडे. कदाचित निरनिराळ्या रुग्णांत निरनिराळे कारण असेल. कुष्ठरोगातील मेलेल्या जंतूंच्या अवशेषांची गोष्ट आठवली, तर पहिले गृहीतक आपल्याला फार परके वाटू नये. अर्थात हे केवळ साम्य आहे, पुरावा नव्हे.

नेहमीच्या तपासण्या 'ठीक' येतात, कारण त्या या बिघाडांसाठी बनवलेल्याच नाहीत. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, उभे राहिल्यावर नाडी किती वाढते, श्रमानंतर दुसऱ्या दिवशी काय होते, अशा साध्या मोजण्या कधीकधी महागड्या यंत्रांपेक्षा अधिक सांगतात.

आपल्याकडचे निराळे प्रश्न

आपल्याकडे अभ्यासात काही खास अडचणी आहेत. खेड्यांतील अनेकांची कोरोना चाचणी झालीच नाही. त्यांच्याकडे आजाराचा कागद नाही, त्यामुळे 'नंतरच्या' त्रासाचा दावाही करता येत नाही. बहुतेक माहिती मोठ्या रुग्णालयांतून येते, आणि सौम्य आजारानंतर लांबलेला त्रास तिथे पोहोचतच नाही. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी वेचलेल्या वजनावर ठरते; तिची ताकद किती घटली, हे प्रयोगशाळेच्या आधी तिच्या ओट्यातच कळते. ते नोंदवणारा तक्ता मात्र कोणाकडे नाही.

काही परिणाम तर ठसठशीत होते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, देशात जुलैपर्यंत ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र त्यात आघाडीवर होता. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही त्यामागची मोठी कारणे मानली गेली. औषधाचा तुटवडा पडला तेव्हा वर्ध्यातील जेनेटिक लाइफसायन्सेस या कारखान्यात अँफोटेरिसिन-बीचे उत्पादन सुरू झाले. रुग्ण वाचले, पण काहींचा डोळा गेला, काहींचा जबडा काढावा लागला. त्यांचेही नाव 'बरे झालेले' याच रकान्यात आहे.

दुसरीकडे, पाठपुरावा करण्याची साधनेही आपल्याकडे आहेत. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि शिक्षण संपेपर्यंत तिथल्या कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाते. एकाच घराचे दार वर्षानुवर्षे ठोठावत राहणे, हीच तर दीर्घकालीन अभ्यासाची पहिली अट आहे.

शिक्षक काय करू शकतात?

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरणाऱ्यांत अनेक शिक्षक होते. तेव्हा ताप आणि प्राणवायू पाहिला. इतर आजार आहेत का, ते विचारले. वार्डेकरांच्या पाहणीशी या कामाचे नाते सरळ आहे. फरक एवढाच की त्यांची माणसे त्याच घरी पुन्हा पुन्हा गेली.

वर्गात करण्याजोगी एक कृती सुचवतो. फळ्यावर शंभर-शंभर चौकोनांचे दोन चौरस काढा. पहिल्यात २१ आणि दुसऱ्यात ९ चौकोन रंगवा. एक गट आजार झालेल्यांचा, दुसरा न झालेल्यांचा. मग विचारा : पहिल्या चौरसातल्या कोणत्या नऊ जणांचा त्रास आजारामुळे नाही, हे चौकोनाकडे पाहून सांगता येईल का? येणार नाही. गटाबद्दल खात्रीने बोलता येते, एका माणसाबद्दल येत नाही, ही संख्याशास्त्राची ताकद आणि मर्यादा मुलांना यातून एकदम कळेल. मात्र गावातल्या खऱ्या रुग्णांची नावे या खेळात आणू नयेत.

शाळेत कोणी सहकारी किंवा विद्यार्थी असा लांबलेला त्रास सांगत असेल, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि क्षयरोग, मधुमेह, रक्तक्षय, थायरॉइड यांची तपासणी करून घेण्यास सांगावे. ज्यांना श्रमानंतर दुसऱ्या दिवशी त्रास उसळतो, त्यांना 'व्यायाम वाढव, सगळे ठीक होईल' हा सल्ला अपाय करू शकतो. कामाचे लहान तुकडे करणे, मधे विश्रांती घेणे, ताकद संपण्याच्या आधी थांबणे हे त्यांना अधिक उपयोगी पडते.

कुष्ठरुग्णाचा आजार लोकांना दिसत होता, म्हणून त्याला गावाबाहेर ठेवले गेले. दीर्घ कोविडच्या रुग्णाचा आजार दिसत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही. दोघांच्याही वाट्याला एकटेपणच येते.

पिपरी मेघेच्या बाईंना आम्ही तारीख देऊ शकलो नाही. त्यांच्या मुख्याध्यापकांना मात्र आम्ही एक गोष्ट सुचवली आणि त्यांनी ती मानली. बाईंचा वर्ग आता तळमजल्यावर भरतो, आणि दोन तासांनंतर त्यांचा एक तास मोकळा असतो. त्या रोज शाळेत येतात. एका छोट्या वहीत त्या दिवसाचे काम आणि दुसऱ्या दिवसाची तब्येत लिहून ठेवतात. मागच्या भेटीत त्यांनी ती वही आम्हाला दाखवली. पहिल्या महिन्याच्या पानांवर अंथरुणात गेलेले नऊ दिवस होते, ताज्या महिन्याच्या पानांवर दोन. शेवटची तारीख त्यांनी अजून लिहिलेली नाही.